दोन बोटांवर दिसणारं

त्या दिवसांतलं मला सगळ्यात आधी आठवतं ते अण्णांच्या डोक्याची मागची बाजू. मधले चार दिवस सोडले तर जवळजवळ तीन आठवडे आम्हाला त्यांचा चेहरा असा दिसलाच नाही. आपल्या वडिलांच्या डोक्यात मागं उजवीकडं एक भोवरा आहे आणि त्याच्याभोवतीचे केस बाकीच्यांपेक्षा आधी पांढरे झालेत, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. माय त्यांच्याशी बोलायची ती त्या भोवऱ्याकडं बघून. मीही.

अण्णा कंधारला शिंपीकाम करायचे. स्टँडजवळ एका गाळ्याच्या पुढच्या भागात त्यांचं मशीन होतं आणि शाळांचे गणवेश हे मुख्य काम. त्यांचा उजवा डोळा लहानपणापासून अधू. त्या डोळ्यानं माणूस आहे की खांब एवढंच कळायचं. सगळी शिलाई डाव्या डोळ्यावर. शाळा उघडायच्या तोंडावर एका सकाळी कापड बेतताना त्या डाव्या डोळ्यात विजेसारखं चमकायला लागलं आणि मग खालून काळा पडदा वर चढत आला. त्यांना वाटलं, कापडाचा तंतू गेला असेल. पाण्यानं डोळा धूत धूत त्यांनी आणखी दोन दिवस गणवेश शिवले. तिसऱ्या दिवशी कात्री कापडाच्या बाहेर गेली, तेव्हा मायनं मला लातूरला फोन केला.

मी लातूरला बी.एस्सी. करत होते, विषय भौतिकशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि शंका आली तरी विचारायची नाही. आपलं बोलणं ऐकून कुणी मागं वळून बघेल याची भीती वाटायची. पण सुट्टीत घरी आले की उलटं व्हायचं. गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय, तहसीलच्या कागदावर सही कुठं करायची, शेजारच्या काकूंच्या पोटातली गाठ कसली, सगळं मला विचारायचे. मला येत नसलं तरी मी काहीतरी सांगायची. 'माहीत नाही' म्हटलं तर इतकी वर्षं शिकवून काय मिळालं, असं त्यांना वाटेल, या धाकानं.

लातूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या आतला मागचा पडदा भिंतीपासून सुटलाय. ऑपरेशन करून त्यांनी तो बसवला आणि आतलं पाण्यासारखं द्रव्य काढून त्या जागी गॅस भरला. त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं होतं. गॅसचा बुडबुडा कायम वरच्या बाजूला जातो. माणूस पालथा झोपला की डोळ्याचा मागचा भाग वर येतो, मग बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो. म्हणून दहा दिवस तोंड जमिनीकडंच पाहिजे, झोपलं तरी आणि बसलं तरी. जेवताना, चालताना मान खाली. गॅस हळूहळू आपोआप जिरतो, तोवर दिसायची अपेक्षा करू नका. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. फाइलवर फोन नंबर होता. काहीही वाटलं तर फोन करा, असं त्या दोनदा म्हणाल्या.

आम्ही उतरलो होतो शांताआत्याकडं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिच्या दोन खोल्या, बाहेर पाण्याचे तीन निळे ड्रम, शेजारी पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की भिंतीला टेकवलेली ताटं बारीक थरथरायची. पुढच्या खोलीत जमिनीवर गादी घातली, वाकळेची गुंडाळी करून कपाळाखाली दिली आणि चेहऱ्यापुढं दोन-तीन बोटांची पोकळी ठेवली. अण्णा त्यात तोंड घालून पडून राहायचे. माय धपाट्याचे बारीक तुकडे करून खालून त्यांच्या तोंडात द्यायची. वरण ते शहाळ्याच्या नळीनं ओढायचे. आत्या वसतिगृहातून आल्यावर रोज विचारायची, "काय रे, जमिनीत काय गवसलं का न्हाई अजून?" अण्णा खालूनच हसायचे. हसलं की खांदे हलायचे, मग माय आत्याला रागवायची.

त्यांना सगळ्यात जड गेलं ते लोकांचं येणं. कंधारहून, अहमदपूरहून माणसं भेटायला यायची. दारातून 'जय भीम' म्हणायची. अण्णांचा हात लगेच गादीवर टेकायचा आणि ते उठायला बघायचे. पडून जय भीम घ्यायचा नसतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. तापात फणफणलेले असले तरी ते उठून, हात जोडून उत्तर द्यायचे, मी लहानपणापासून बघत आले होते. पहिले तीन दिवस मी त्यांच्या खांद्यावर हात दाबून ठेवायची आणि म्हणायची, अण्णा, डॉक्टर काय म्हणाल्यात. ते पडूनच उत्तर द्यायचे, पण आवाज असा यायचा की जणू त्यांनी कुणाचा अपमान केलाय.

चौथा दिवस रविवार होता. मी दाराशी भाजी निवडत होते. अण्णा म्हणाले, "शांताबाई, ही चादर तुला कुणी सुती म्हणून दिली?" आत्याला त्या चादरीचा अभिमान होता. निव्वळ सुती आहे, बघून घेतली, ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "उभा धागा सुती हाय. आडव्यात टेरिकॉट मिसळलंय. तीनाला एक. मला एक-एक धागा सुतळीवाणी दिसायलाय." आम्ही तिघी थांबलो. मायनं विचारलं, "दिसायलंय?" ते म्हणाले, "हाव. लख्ख. धाग्याची लव बी दिसायलीय."

शिंप्याच्या घरात कापड ओळखायची एकच रीत असते. मायनं चादरीच्या कडेचे आडवे धागे ओढून काढले आणि काडी पेटवून एकेक जाळला. दोन धागे कागदासारखे जळून राख झाले. तिसरा आकसला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. मायनं तो मणी बोटात चोळून बघितला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्या म्हणाली, दुकानदारानं फसवलं तर फसवू दे, माझ्या भावाचा डोळा आला.

आज मी एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळते. मुलांना सांगते की निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ते का, हे त्यांना सांगत नाही. त्या दिवशीचा आमचा प्रयोग बिनचूक होता. अण्णांना धागे खरंच दिसत होते, आणि ते काडीनं सिद्धही झालं होतं. चूक पुढच्या वाक्यात झाली, आणि ते वाक्य माझं होतं.

मायनं माझ्याकडं बघितलं. "प्रज्ञा, तू शिकल्याली हायस. तूच सांग. पडदा बसला का?"

मी क्षणभर फाइलकडं बघितलं. फोन करावा असं वाटलं होतं. हे मी आता मागाहून जोडत नाही, खरंच वाटलं होतं. पण रविवार होता. डॉक्टरीणबाईंना 'आमच्या अण्णांना चादर दिसतेय' हे कसं सांगायचं ते सुचेना. त्या काय म्हणतील, मी नीट बोलू शकेन का, मध्येच 'आहे'ऐवजी 'हाय' निघून जाईल का, असले विचार आले. आणि तीन माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, त्यातलं एक जमिनीकडं तोंड करून. मी म्हणाले, "बसला असंल. त्याबिगर एवढं बारीक कसं दिसंल?"

एवढंच. त्यावर अण्णा उठून बसले. भिंतीला टेकले, मान सरळ केली, आणि चार दिवसांनी आम्हाला त्यांचा चेहरा दिसला. गालावर वाकळेचे वळ उठले होते.

खरं तर त्याच दुपारी मला आणखी एक खूण मिळाली होती. अण्णांनी दाढीचा आरसा मागितला. आपला डोळा कसा दिसतो ते त्यांना बघायचं होतं. आरसा त्यांनी चादरीइतकाच जवळ धरला आणि म्हणाले, काचेवरची धूळ दिसतेय, ओरखडा दिसतोय, पण चेहरा नाही, नुसतं पांढरं धुकं. आत्या म्हणाली, तुझं तोंड बघून आरसाच घाबरला. ते आरसा आणखी जवळ न्यायला लागले तर डोळ्याला लागेल म्हणून मायनं काढून घेतला. मीही हसले. आरशातली प्रतिमा काचेवर नसते, काचेच्या जितकं पुढं आपण असतो तितकीच ती मागं असते, हे मी आठवीत शिकले होते. काचेवरची धूळ दोन बोटांवर होती, त्यांचा चेहरा चार बोटांवर. चार बोटांवरचं त्यांना दिसत नव्हतं. कुठल्याही बऱ्या होत असलेल्या डोळ्याला असं होत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते घडलं आणि मी कोथिंबीर निवडत राहिले.

पुढचे तीन दिवस त्या घरात सणासारखे गेले. अण्णा प्रत्येक गोष्ट डोळ्याशी नेऊन बघायचे. मिठाचा कण त्यांना खडीसाखरेएवढा दिसायचा. ज्वारीच्या भाकरीवरचा पापुद्रा, करडईच्या पानाच्या शिरा, मायच्या लुगड्याची किनार. माझं बोट धरून त्यांनी त्याच्यावरच्या रेषा बघितल्या आणि म्हणाले, "तुझ्या बोटाला शाई हाय. अभ्यास करून राहिलीस म्हणायचं." माणसं येत होती. अण्णा उठून, हात जोडून जय भीम घेत होते. कोण आलंय ते त्यांना आवाजावरून कळायचं, चेहरा दिसायचा नाही. त्याचंही मी उत्तर देऊन टाकलं होतं की आधी जवळचं येतं, मग लांबचं येईल. हे मी कुठं वाचलं होतं? कुठंच नाही. तयार केलं.

आठव्या दिवशी दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाई बराच वेळ डोळ्यात बघत राहिल्या. मग विचारलं, "पालथे झोपत होता ना?" मी खाली बघितलं. अण्णा म्हणाले, "झोपत होतो, बाई." मी त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा खोटं बोलताना ऐकलं असेल. त्या म्हणाल्या, खालच्या बाजूनं पडदा पुन्हा सुटलाय, सावली आली नव्हती का? आली होती, अण्णा म्हणाले, कालपासून. मला तोंड उघडावंच लागलं. मी धाग्यांचं सांगितलं, काडीचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे गॅसमुळं दिसतं. गॅस असेपर्यंत बऱ्याच जणांना डोळ्याजवळचं असं दिसतं. त्याचा पडदा बसण्याशी संबंध नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बसल्यामुळंच सुटला असं मी म्हणणार नाही. कधी कधी सगळं पाळूनही सुटतो." हे वाक्य मी इतकी वर्षं उलटंसुलटं करून बघितलंय. त्यानं माझी सुटका होत नाही आणि गुन्हाही ठरत नाही.

दुसरं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होतं. माय आणि आत्या दाराजवळ बसल्या होत्या, मी बाकावर. पिशवीत कॉलेजची वही होती. मी ती उघडली, कारण हातांना दुसरं काही करता येत नव्हतं.

पहिल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत एक काचेची टाकी होती. तिच्यात आम्ही आधी बहिर्वक्र भिंग आणि मग अंतर्वक्र आरसा बुडवून त्यांचं नाभीय अंतर मोजलं होतं. दहा सेंटिमीटरचं भिंग पाण्यात गेल्यावर मवाळ झालं. उजेड एकत्र यायला जवळजवळ चाळीस सेंटिमीटर लागले, टाकीची लांबी पुरली नाही. आरशाला मात्र पाण्याचा पत्ताच नव्हता. बाहेर जेवढं अंतर, तेवढंच आत. सर म्हणाले होते, आरसा उजेड आल्या बाजूलाच परत पाठवतो, त्याला भोवती काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. भिंग वाकवतं ते स्वतःमधल्या आणि भोवतालच्या फरकाच्या जोरावर. फरक कमी झाला की त्याचा जोर कमी, वाढला की जास्त. परीक्षेत यावरच गणित होतं. भिंगाच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा, तर नाभीय अंतर काढा. मला पूर्ण गुण मिळाले होते.

डोळ्यातलं भिंग दोन्ही बाजूंनी पाण्यात असतं. म्हणून ते मवाळ असतं आणि आपल्याला लांबचं दिसतं. अण्णांच्या डोळ्यात त्याच्या मागचं पाणी काढून गॅस भरला होता. मी आकृती काढली. भिंगाच्या पुढं पाणी, मागं हवा, म्हणजे फरक वाढला आणि भिंगाचा जोरही. पुस्तकातले ढोबळ आकडे घातले. वस्तू किती अंतरावर असली तर तिची स्पष्ट प्रतिमा पडद्यावर पडेल, ते काढलं. उत्तर तीन सेंटिमीटरच्या आसपास आलं. मी बाकावर बोटं टेकवून मोजलं. दोन बोटं.

सगळ्याला दहा मिनिटंही लागली नव्हती. हे गणित मला येत होतं. रविवारीही येत होतं. वर्गात विचारलं असतं तर मी मनातल्या मनात सोडवलं असतं आणि सांगायला लाजले असते. आत्याच्या खोलीत, चादरीवर, माझ्याच वडिलांच्या डोळ्यात ते समोर आलं आणि मला ते गणित आहे हे ओळखू आलं नाही. पुस्तकातलं भिंग आणि अण्णांचा डोळा माझ्या डोक्यात एका जागी कधी आलेच नव्हते. मी पान फाडलं, मग फाडलेलं पान परत वहीत ठेवलं. मायनं विचारलं काय लिहितेस, तर मी म्हणाले कॉलेजचं.

या वेळी गॅसऐवजी तेल भरलं होतं. ते आपोआप जिरत नाही, काही महिन्यांनी काढावं लागतं. पुन्हा पालथं झोपणं आलं. तीच गादी. आत्यानं चादर बदलली होती. आता घरात कुणी चेष्टा करत नव्हतं, आणि लोक आले तर माय बाहेरच ड्रमाजवळ बसवून चहा द्यायची.

त्या डोळ्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला आशा लागून राहायला नको. त्या डोळ्याला आता उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर आकार कळतो. मशीन माय चालवते. अण्णा शेजारी बसून कापड चिमटीत धरतात आणि कुठलं आहे ते सांगतात. गणवेश अजूनही आमच्याकडंच येतात, पहिल्यासारखे नाहीत, पण येतात.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, माय बाजारात आणि आत्या कामावर असताना, मी त्यांच्या गादीजवळ जमिनीवर बसले. थोडी वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं, कारण चेहरा दिसत नसला की माणसाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं गेलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, पडदा बसला म्हणून मी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मी तसंच बोलले. फोन करायला पाहिजे होता."

त्यांनी वाकळेच्या गुंडाळीवर कपाळ सारखं केलं. मग म्हणाले, "तू न्हाई म्हणली असतीस तरी म्या उठलोच असतो."

हे खरं होतं का, मला अजून माहीत नाही. तीन दिवस माझा हात खांद्यावर होता तेव्हा ते उठले नव्हते. पण माझ्या अंगावरचा दोष काढून घ्यायला ते एवढं सहज बोलले असतील, असंही वाटतं. त्यांना कधी परत विचारलं नाही. विचारलं तरी ते तेच सांगतील.

मग त्यांनी विचारलं, "आता हे तेल घातलंय. ह्याच्यात काय दिसंल?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होत होतं. तेलाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे गॅसच्या उलट, भिंगाचा जोर कमी होणार, म्हणजे जवळचं अंधुक आणि जाड चष्मा, हे एवढं मला कळत होतं. पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. ते विचारत होते, मला दिसेल का. मी म्हणाले, "मला माहीत न्हाई, अण्णा."

घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते. बोलल्यावर खोलीत काही पडलं-मोडलं नाही. ते म्हणाले, "मग इचारून ये."

मी फाइल घेऊन बाहेर ड्रमापाशी गेले आणि नंबर लावला. पलीकडून आवाज आल्यावर मी आधी नाव सांगितलं, मग पेशंटचं नाव, मग थांबले, मग प्रश्न विचारला. मध्ये एकदा 'हाय' म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. तेल असेपर्यंत जाड चष्म्याशिवाय धूसर राहील, त्यांनी सांगितलं, आणि पडदा किती काम करेल हे तेल काढल्यावरच कळेल, काही महिन्यांनी, आत्ता कुणीच सांगू शकत नाही. मी हातावर लिहून घेतलं. दोन वाक्यंच होती, तरी लिहून घेतली.

आत येऊन मी ती दोन वाक्यं जशीच्या तशी सांगितली. स्वतःचं काही घातलं नाही. अण्णांनी विचारलं, "त्यास्नी बी ठाऊक न्हाई?"

"न्हाई."

"बरं," ते चादरीशीच म्हणाले. "मग थांबू."